मामांचा आकडा

त्या इमारतीत थेंबमामांना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारा एकच होता, आणि तो माणूस नव्हता, हजेरीपट होता. बाकी सगळ्यांचे ते थेंबमामा, नाहीतर नुसते मामा. हे नाव कुणी पाडलं ते आता सांगता येणार नाही, पण का पडलं ते दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवला की आपोआप ऐकू यायचं. कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीला टांगलेलं डिस्टिलेशनचं यंत्र होतं. एका बाजूनं नळाचं पाणी आत घ्यायचं, उकळायचं, वाफ वळशावळशाच्या नळीतून थंड करायची आणि दुसऱ्या बाजूनं थेंब थेंब शुद्ध पाणी खालच्या कॅनमध्ये सोडायचं. एवढंच त्या यंत्राचं काम, आणि ते चालवायचं हे मामांचं. मामा त्याला यंत्र म्हणत नसत, भट्टी म्हणत.

प्रयोगशाळा बुरशीची होती. भिंतीवर येते ती नव्हे. झाडांच्या मुळांशी सोयरीक करून राहणारी एक जात असते, तिची. ही बुरशी मुळांभोवती बारीक धाग्यांचं जाळं विणते, लांबलांबचं पाणी आणि क्षार मुळाला आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. जुन्या खाणींजवळच्या, तांब्या-जस्तानं नासलेल्या जमिनीतही काही झाडं तग धरतात, ती हिच्या जिवावर. मोठ्या बाईंनी, म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळी नोकरी एकाच प्रश्नामागे घालवली होती: एवढा धातू अंगावर आला तर या बुरशीच्या पेशीचं होतं काय?

आता या कामात मामांचा हात किती? कागदावर विचाराल तर काही नाही. ते काचसामान धुवायचे, भट्टीच्या पाण्यात बुरशीचं खाद्य कालवून प्लेटी, म्हणजे काचेच्या उथळ बशा, भरायचे आणि दर दोन महिन्यांनी जुन्या प्लेटमधला बुरशीचा नखाएवढा तुकडा नव्या प्लेटमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी जिवंत राहते. बाईंनी ही बुरशी दुसऱ्या एका संस्थेतून आणली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला एका घरातून दुसऱ्या घरात नेणारे मामाच. त्याच वर्षी भट्टीही आली होती. दोघींचा पाळणा एकदमच हलला, असं मामा म्हणायचे.

आणि भट्टीवर मामांचं किती प्रेम! दर शनिवारी, सगळे पांगले की मामा तिचं झाकण खोलत, पातळ ॲसिड फिरवत आणि मग बाह्या सरसावून तारेच्या घासणीनं आतून घासत. उकळत्या पाण्याचा कीट बसतो, तो काढायलाच हवा. ही भट्टी आली तेव्हा तिच्या आत सगळीकडे एक पांढुरका थर होता. पहिल्या दिवशी तो पाहून मामांनी नाक मुरडलं होतं. नव्या कोऱ्या यंत्रात कीट! बनवणाऱ्यांना लाज नाही! माहितीपुस्तिका पहिल्याच महिन्यात कुठेतरी गडप झाली होती, पण मामांना पुस्तिका कशाला हवी? चार-पाच वर्षं घासून घासून त्यांनी तो थर हटवला आणि आतून भट्टी लालबुंद चमकायला लागली. पाहुणे आले की मामा मुद्दाम झाकण उघडून दाखवत. ‘तोंड बघा आत,’ म्हणायचे, ‘भांग पाडता येईल.’

दर सोमवारी मामा भट्टीचं पाणी मीटरखाली धरत. पाण्यात क्षार जितके जास्त तितका मीटरवरचा आकडा मोठा. जो येईल तो आकडा ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहीत. शिकणारी पोरं आपापल्या प्रयोगाच्या आकड्यातून तेवढं वजा करत, कारण ते पाण्याचं स्वतःचं असतं, बुरशीचं नव्हे. त्याला सगळे ‘मामांचा आकडा’ म्हणत. मामांचा आकडा काय आज? चार. बरं, चार वजा. एकोणीस वर्षांत या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

नाही, एकीनं घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी एक लांब वेणीची पोरगी शिकायला होती. मामांसाठी ती वेणीवाली. तिनं रानातून, पाइनच्या मुळाशी उकरून, ताजी बुरशी आणली होती. या बुरशीला धातू द्यायच्या आधीच, नुसत्या साध्या प्लेटमध्येच ती क्षार सोडायला लागायची. पुन्हा करायची, पुन्हा तेच. एकदा तिनं भीत भीत विचारलं, ‘मामा, पाण्यात तर काही नसेल ना?’

मामांच्या कपाळाची शीर उठली. ‘माझ्या पाण्यात? अगं, या पाण्यावर सात जण डॉक्टर झालेत! पाण्याला बोल लावण्याआधी आपले हात स्वच्छ ठेवायला शीक.’

चारचौघांत बोलले होते. पोरगी मान खाली घालून गेली. त्यानंतर ती तीनतीनदा हात धुवायची. कोपरापर्यंत, कातडी सोलवटेपर्यंत. दोन वर्षांनी सगळं अर्धवट सोडून निघून गेली. मामांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण काहींचा हात या कामाला नसतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि विषय मिटला.

आताची पोरगी चष्मेवाली. हिचं मामांशी मेतकूट, कारण ही प्रश्न विचारायची नाही, उलट मामांनाच समजावून सांगायची. एकदा तिनं सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा धागा दाखवला. ‘मामा, प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो. चरबीचा, दुहेरी. दिसायला नगण्य, पण आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं काम त्याचं. तांबं आलं की ते ही चरबी जाळत सुटतं. पापुद्र्याला भोकं पडतात आणि आतले क्षार बाहेर गळायला लागतात. आपण मोजतो ते हे गळणं.’

‘म्हणजे बिचारीच्या घराला गळती लागते.’

‘अगदी! पण आपली बुरशी भारी चिवट आहे, मामा. एवढं तांबं देते, गळतच नाही.’

मामांना ऐकून धन्य वाटलं. एकोणीस वर्षं आपल्या हातची वाढलेली, चिवट असणारच!

हा चिवटपणाच पोरीच्या मुळावर आला. पाच वर्षांचं काम घेऊन ती समितीपुढे उभी राहिली, तर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत सांगितलं की हीच बुरशी मूळ संस्थेतून ताजी मागवून त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासली आहे, आणि एवढ्या तांब्यात ती चाळणीसारखी गळते. मग हिचीच कशी गळत नाही? बाईंनी सांगितलं, मी समोर बसून प्रयोग करवून घेतलाय, आकडे खरे आहेत. परीक्षक म्हणाले, ‘आकडे खरे असतील. मग बुरशी खोटी आहे. पाच वर्षांत कधीतरी निष्काळजीपणानं दुसरीच बुरशी प्लेटमध्ये शिरलेली दिसते. कारण सांगा, नाहीतर हे काम आम्हाला मान्य करता येणार नाही.’ बुरशीची ओळख पटवायला नमुना बाहेर पाठवायचा तर महिना जाणार, आणि समितीनं मुदत दिली पुढच्या शुक्रवारपर्यंत. तोवर कारण मिळालं नाही तर पोरीची पाच वर्षं पाण्यात.

बाहेर व्हरांड्यात तर लोकांनी त्याहून पुढची मजल मारली. आकडे शिजवले असतील, म्हणे. पोरगी तोंड शिवल्यासारखी फिरत होती. मामांनी तिच्यासाठी चहा आणला तर ती म्हणाली, ‘मामा, मी खरंच काही चुकले असेन का हो? मी हात नीट धुते ना?’

मामांनी कप टेबलावर ठेवला. हात धुण्याचं हिला कुणी सांगितलं होतं? मग आठवलं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी आपण सांगतो. वेणीवाली गेल्यापासून सगळ्यांना सांगतो.

ही झाली मंगळवारची गोष्ट. बुधवारी संध्याकाळी मामा घरी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. जेवणावर लक्ष नाही, बोलण्यावर नाही. बायकोनं फळीवरून तिच्या सासूचं तांब्याचं पातेलं खाली काढलं, आत डोकावली आणि तोंड वाकडं करून बाजूला सरकवलं.

‘अहो, हे जरा कुणाकडे टाका ना. कल्हई पार उडालीये. यात आंबट काही शिजवलं तर कळकेल.’

‘हं.’

‘हं काय? सासूबाई असत्या तर मला बोलल्या असत्या, तारेनं घासलीस म्हणून. कल्हईच्या भांड्याला तार लावतं का कुणी?’

मामांनी मान वळवली. पातेल्याच्या आत तळाला लालबुंद, आणि काठाला, जिथे घासणी पोचत नाही तिथे, पांढुरका पट्टा. त्यांनी पातेलं हातात घेतलं. काठावरून अंगठा फिरवला. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते नेमकं काय असतं, हे त्यांना त्या क्षणी, बसल्या जागी कळलं.

‘काय झालं?’ बायकोनं विचारलं.

‘काही नाही,’ मामा म्हणाले, आणि पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिले.

गुरुवारी सकाळी झाडूवाल्याच्याही आधी मामा प्रयोगशाळेत हजर होते. भट्टी बंद केली, निवू दिली, झाकण खोललं. आत लाल चमक. मग त्यांनी टॉर्च घेऊन झाकणाच्या बोल्टामागची खाच पाहिली. तिथे, घासणी कधीच न पोचलेल्या बोटभर जागेत, तो पांढुरका थर अजून शाबूत होता. मामांनी त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. कीट असता तर फसफसला असता. थेंब तसाच बसून राहिला. मामांनी नखानं खरवडून पाहिलं. मऊ, करडी चमक. कथील. पाण्याला तांबं लागू नये म्हणून बनवणाऱ्यांनी मुद्दाम चढवलेली कल्हई.

मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला एकोणीस वर्षांचे सोमवार, खालपासून वरपर्यंत. पहिला आकडा एक. वर्षभर एकच. मग सव्वा, दीड, दोन. वेणीवालीच्या वर्षी साडेतीन. आता चार. मामांनी प्रत्येक आकडा स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणाले होते, मीटर जुना झालाय.

कपाटाच्या मागे भिंतीला टेकून एक खोकं उभं होतं. तीन वर्षांपूर्वी आलेलं नवं काचेचं यंत्र. ‘हे काचेचं धूड इथे चालायचं नाही,’ असं सांगून मामांनी ते उघडूही दिलं नव्हतं. आता मात्र त्यांची नजर त्याच्यावर खिळली. दोन तासांचं काम होतं. जुनी भट्टी काढायची, नवी टांगायची, बाई विचारतील तर म्हणायचं, बिघडली. कुणाला पत्ता लागणार नाही. चार महिन्यांनी निवृत्ती. हार, भाषण, ‘मामांसारखा स्वच्छतेचा भोक्ता पुन्हा होणे नाही’ वगैरे. अकरा जण या पाण्यावर डॉक्टर झाले होते. बाईंचं स्वतःचं अर्धं आयुष्य याच पाण्यात विरघळलं होतं. एका माणसानं तोंड मिटून घेतलं तर या सगळ्याला धक्का लागणार नव्हता.

फक्त एक पोरगी जाणार होती. आणि एक आधीच गेली होती.

मामा स्टुलावर बसले. खोटं का सांगा, ते चांगला तासभर बसले. त्या तासात त्यांनी दोनदा उठून खोक्याची दोरी सोडली आणि दोनदा परत बांधली. मग व्हरांड्यात बाईंच्या चपला वाजल्या.

‘बाई, जरा येता?’

बाई आल्या. मामांनी टॉर्च त्यांच्या हातात दिला, बोल्टामागची खाच दाखवली, कपाटाचं दार दाखवलं आणि सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, ‘पाणी कळकलंय, बाई. एकोणीस वर्षं मी सगळ्यांना कळकलेलं पाणी दिलं.’

बाईंनी दारावरचे आकडे खालून वर वाचले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. प्रत्येक सालाला त्यांचा एकेक लेख होता.

‘दर शनिवारी घासत होता?’

‘हो.’

‘कोणी सांगितलं होतं?’

‘कोणी नाही. मीच.’

‘अहो मामा...!’ बाईंचा आवाज एवढा चढला की चष्मेवाली धावत आली. पुढचं बाईंनी गिळलं. मग त्यांनी भट्टीखालचा कॅन उचलला आणि स्वतःच खालच्या मजल्यावर धातू मोजायच्या मशीनकडे निघाल्या. जिना उतरताना मामांनी कॅन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिला नाही. ते मामांना फार लागलं.

मशीननं सांगितलं, तांबं आहे. माणसानं प्यायलं तर काही होणार नाही इतकंच. पण उघड्या धाग्यांच्या बुरशीला, दिवसरात्र, पिढ्यान् पिढ्या, पुरेसं होतं. चष्मेवाली कागदाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, ‘बाई, म्हणजे आपली बुरशी सरावलीये! परीक्षकांची ताजी, त्यांच्या पाण्यातली. आपली वर्षानुवर्षं तांब्यातच राहिलीये. तिनं पापुद्राच बदलला असेल!’ समितीच्या दिवसापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. मग तिचं लक्ष मामांकडे गेलं आणि तो आनंद कुठे ठेवावा हे तिला कळेना.

शुक्रवारी समितीपुढे मामाही उभे राहिले. धुतलेला सदरा, हातात टोपी. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तो थर कल्हई आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?’

‘नव्हतं, साहेब. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला सगळं येतं असं मला वाटायचं.’

समितीनं पोरीला सहा महिने दिले. तिनं ताजी आणि जुनी बुरशी शेजारी शेजारी ठेवून तपासली. तांबं जी चरबी चटकन जाळतं ती जुनीच्या पापुद्र्यात कमी होती आणि न जळणारी जास्त. थोडी थोडी करत, दर दोन महिन्यांच्या प्लेटीगणिक, तिनं आपलं कातडं बदलत नेलं होतं. परीक्षकांनी तिचं काम मान्य केलं, वर दोनदा वाचलं म्हणाले. जुनी भट्टीही टाकून देता आली नाही, कारण त्या बुरशीला तेच पाणी लागायचं. आता कोपऱ्यात दोन कॅन होते. मामांनी नव्याला लेबल लावलं, ‘शुद्ध पाणी’. जुन्यावरचं एकोणीस वर्षांचं ‘शुद्ध पाणी’ त्यांनी ओल्या फडक्यानं भिजवून सोडवलं आणि त्या जागी लिहिलं, ‘तांब्याचं पाणी’. घासणी मात्र त्यांनी त्या दिवशीच कचऱ्यात टाकली होती. सहा महिन्यांचं हे काम चालू असतानाच निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. हार घातला गेला. भाषणात स्वच्छतेचा उल्लेख कुणी केला नाही. मामा त्यानंतरही रोज येत राहिले, पोरीचं काम संपेपर्यंत.

बाईंना आता जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहायची होती. तुमच्या प्रयोगातलं पाणी सदोष होतं, कामाची फेरतपासणी करावी, वगैरे. मसुदा त्यांनी मामांना वाचून दाखवला. त्यात ‘उपकरणातील दोषामुळे’ असं लिहिलं होतं.

‘उपकरणात दोष नव्हता, बाई,’ मामा म्हणाले. ‘ते बिचारं चांगलं होतं. माझ्यामुळे म्हणून लिहा.’

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खोडून तसं लिहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी मामांना बसा म्हटलं.

अकरा लिफाफे झाले. मामांनी ते मोजले आणि जागचे हलले नाहीत.

‘एक राहिलं.’

‘कोण?’

‘वेणीवाली.’

‘मामा, तिनं तर अर्धवटच सोडलं. तिचं काही छापलेलं नाही. दुरुस्त करायचं ते काय?’

‘म्हणून तर,’ मामा म्हणाले. ‘तिच्या प्लेटी खरं बोलत होत्या, बाई. या इमारतीत तेवढ्याच.’

बाईंनी जुन्या वहीतून पत्ता शोधून दिला. एका गावातल्या शाळेचा होता. हे पत्र मी लिहितो, असं मामा म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खोलीत दोन कॅनच्या मधे स्टूल ओढून बसले. तीन कागद फाडले. एकात कल्हईची सगळी हकीकत होती, एकात नुसती माफी, एकात काय होतं ते त्यांनाच वाचवेना. दोन्हीकडून थेंब पडत होते. मग त्यांनी चौथा कागद घेतला आणि लेबलं लिहायच्या आपल्या सुवाच्य, उभ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या:

‘बाळ, पाण्यात तांबं होतं. ते पाणी मी दिलं होतं. तुझे हात स्वच्छ होते.’